‘वेरमणी’ म्हणजे काय गं? वंदना पाठ आहे, पण शिकणं कुठं आहे?

आमच्या वस्तीतल्या विहारात गेल्या वर्षावासात घडलेली गोष्ट. रविवारची वंदना झाली, ‘बुद्ध आणि त्यांचा धम्म’ मधलं एक प्रकरण वाचून झालं, खीर वाटून झाली. मी पुस्तकं आवरत होते. सत्तरी ओलांडलेली एक आजी जवळ येऊन बसली. लहान पोरांकडून त्रिसरण-पंचशील पाठ करून घेणारी हीच आजी. तिच्याइतके स्वच्छ उच्चार वस्तीत कुणाचे नाहीत. इकडंतिकडं बघून हळूच म्हणाली, “पोरी, एक विचारू? हसू नको. ते ‘वेरमणी’ म्हणजे काय गं? पाच वेळा येतंय. मला आपलं वाटायचं, कुणा भिक्खुणीचं नाव असंल.”

मी हसले नाही. हसायचा अधिकारच नव्हता. वंदनेच्या पुस्तिकेत छापलेलं उत्तर मी दिलं, “विरत राहणे, आजी.” तिनं विचारलं, “विरत म्हंजे?” मी म्हटलं, “दूर राहणं.” “आन ‘समादियामि’?” इथं माझं समाजशास्त्रातलं एम.ए. संपलं. लहानपणापासून रोज म्हटलेल्या शब्दाचा अर्थ मला सांगता आला नाही. “पुढच्या रविवारी सांगते” म्हणून मी सुटका करून घेतली.

त्या रविवारपासून मी पाली शिकायला लागले. पण हा लेख माझ्या अभ्यासाचं कौतुक सांगण्यासाठी नाही. मला एक प्रश्न आपल्या समाजापुढं ठेवायचा आहे. वंदना पाठ आहे, सूर लागलेला आहे, पांढरे कपडे इस्त्रीचे आहेत, पण आपण म्हणतो काय हे आपल्याला कळत नसेल, तर आपण सोडून आलो त्या पोथीवाल्यांमध्ये आणि आपल्यात फरक काय राहिला?

शब्द कडू आहे, पण बोलायलाच हवं. न कळणारी भाषा, ती म्हणणारा एक माणूस आणि हात जोडून ऐकणारे बाकी सगळे, या तीन गोष्टी एकत्र आल्या की पुरोहितशाही तयार होते. मग त्या माणसाच्या गळ्यात जानवं आहे की नाही, याला महत्त्व उरत नाही. लग्नविधी असो, नामकरण असो की पुण्यानुमोदन, बौद्धाचार्य म्हणतात आणि मंडळी मोबाईल बघत बसतात. अर्थ सांगायला दोन मिनिटं जास्त लागतील म्हणून तो गाळला जातो. आपण संस्कृतच्या जागी पाली बसवली. ऐकणाऱ्याची जागा मात्र तिथंच राहिली.

स्वतः बुद्धांनी या धोक्याला फार पूर्वी उत्तर दिलं आहे. विनयपिटकातल्या चुल्लवग्गात यमेळु आणि तेकुल या दोन भिक्खूंची हकिकत येते. दोघे जन्मानं ब्राह्मण, बोलण्यात निष्णात. त्यांची तक्रार अशी की, संघात नाना कुळांचे, नाना गावांचे लोक आले आहेत आणि ते आपापल्या बोलीत बुद्धवचन बिघडवत आहेत. तेव्हा आम्ही ते छंदात, म्हणजे वेदाच्या धाटणीच्या भाषेत बसवू का? बुद्धांनी त्यांना खडसावलं, तसं करायला मनाई केली आणि ‘सकाय निरुत्तिया’ बुद्धवचन शिकायला परवानगी दिली. ‘सकाय निरुत्तिया’ म्हणजे आपल्या भाषेत. या शब्दांवर पुढं पंडितांनी वाद घातले. बुद्धघोषांनी त्याचा अर्थ ‘बुद्धांच्या भाषेत’, म्हणजे मागधीत, असा लावला. पण छंदाला दिलेला नकार स्पष्ट आहे, त्यात वादाला जागा नाही. मूठभरांच्या भाषेत धम्म कोंडायचा नाही, हा तो नकार.

बाबासाहेबांनीही तेच केलं. १४ ऑक्टोबर १९५६ ला नागपुरात भदंत चंद्रमणींकडून त्रिसरण-पंचशील घेतलं. ते पालीतलं. पण लाखो लोकांना त्यांनी ज्या २२ प्रतिज्ञा दिल्या, त्या साध्या मराठीत. त्या दिवशी मैदानात उभ्या असलेल्या शेतमजूर बाईलाही आपण काय सोडतोय आणि काय घेतोय हे कळत होतं. न कळता घेतलेल्या प्रतिज्ञेला प्रतिज्ञा म्हणत नाहीत.

आता आजीच्या प्रश्नाकडं येते, कारण खरा आनंद तिथंच आहे. मी कोश उघडला, व्याकरणाचं पुस्तक उघडलं आणि पंचशीलातले तीनच शब्द घेऊन आठवडाभर बसले.

‘वेरमणी’. यात ‘रम्’ हा धातू आहे आणि त्याच्या आधी ‘वि’. आपल्या मराठीतला ‘विराम’ याच धातूचा. स्वल्पविराम, पूर्णविराम आपण शाळेत शिकलो तोच. म्हणजे वेरमणी म्हणजे थांबणं.

‘सिक्खापद’. ‘सिक्खा’ म्हणजे शिकणं, शिक्षण. ‘पद’ म्हणजे पाऊल किंवा पायरी. शिकण्याची पायरी. मी दचकलेच. आपण यांना ‘शील’ म्हणतो, ‘नियम’ म्हणतो. पण म्हणताना आपण स्वतःच्या तोंडानं पाच वेळा ‘शिकण्याची पायरी’ म्हणत असतो!

‘समादियामि’. शेवटचा ‘मि’ हा ‘मी’ दाखवणारा प्रत्यय. अर्थ, मी स्वतःवर घेते, मी पत्करते. इथं कुणी आज्ञा करत नाही. ‘तू हिंसा करू नकोस’ असं वरून कुणी बजावत नाही. मी स्वतः म्हणते की, हिंसेपासून थांबायला शिकण्याची ही पायरी मी पत्करते. आणखी एक गंमत. मराठीत बाई ‘घेते’ म्हणते, बुवा ‘घेतो’ म्हणतो. पालीतल्या ‘समादियामि’ला असा भेद नाही. बाई आणि पुरुष एकाच क्रियापदात उभे राहतात.

पुढच्या रविवारी हे सांगितलं, तेव्हा आजी गप्प झाली. मग म्हणाली, “म्हणजे रोज शिकायचंय व्हय? मला वाटलं एकदा घेतलं की झालं.”

आजन्म शिकण्यावर मी बरीच पुस्तकं वाचली आहेत. या वाक्याइतकं नेमकं मला त्यांत सापडलेलं नाही.

पाचव्या शीलाचंही तसंच. आपल्याकडं त्याचा अर्थ ‘दारू पिऊ नये’ एवढाच उरला आहे. त्यातला ‘पमाद’ हा शब्द आपण गिळून टाकतो. पमाद म्हणजे गाफीलपणा, बेसावधपणा. मद्य वर्ज्य आहे ते ते माणसाला गाफील करतं म्हणून. हा अर्थ मांडला त्या संध्याकाळी एक तरुण बाई उठून म्हणाली, “मग रात्री दोनपर्यंत मोबाईलवर पैसे लावून पत्ते खेळणारा पण यात आला ना ताई?” मागं बसलेले काही पुरुष जागच्या जागी चुळबुळले. कळलेला शब्द घरात शिरून जाब विचारतो. न कळलेला शब्द उदबत्तीच्या धुरासारखा वर निघून जातो.

आता आक्षेपांकडं वळते. तीन आक्षेप मला नेहमी ऐकू येतात.

पहिला: “वंदना श्रद्धेचा विषय आहे. आवाजानंच मन शांत होतं, अर्थ कशाला?” मन शांत होतं हे खरं, माझंही होतं. पण आवाजानं शांत होणं हा धम्म असेल, तर घंटा आणि आरतीत काय वाईट होतं? परंपरेनं आलं म्हणून किंवा ग्रंथात आहे म्हणून मानू नका, हे कालामांना सांगणाऱ्या बुद्धांच्या अनुयायांनी ‘अर्थ कशाला’ असं विचारावं, हे मला पटत नाही.

दुसरा आक्षेप जास्त खरा आहे, कारण तो पोटातून येतो. “पालीनं पोट भरतं का? पोरांना इंग्रजी शिकवा, कॉम्प्युटर शिकवा.” इंग्रजी शिकवाच. सावित्रीबाईंनी एकोणिसाव्या शतकात शूद्र-अतिशूद्रांना इंग्रजी शिकायला सांगितलं होतं, ते आजही खरं आहे. मी स्वतः संध्याकाळी पोरांना इंग्रजी शिकवते. पण ‘हे किंवा ते’ हा हिशोब आपल्यावर लादलेला आहे. सुखवस्तू घरातला मुलगा शाळेत इंग्रजी शिकतो, शिवाय फ्रेंच नाहीतर जर्मनचा क्लास लावतो आणि सुट्टीत संस्कृत स्तोत्रंही पाठ करतो. त्याला कुणी म्हणत नाही की एकच निवड. आपल्या पोरांनी मात्र पोटापुरतंच शिकायचं. ही मर्यादा आपणच आपल्याला का घालून घ्यायची?

बाबासाहेबांनी ती घालून घेतली नाही. शाळेत त्यांना संस्कृत शिकायचं होतं. अस्पृश्य म्हणून नाकारलं गेलं आणि नाइलाजानं फारसी घ्यावी लागली. दुसरा एखादा तिथंच थांबला असता. त्यांनी फारसीचा नीट अभ्यास केला, पुढं स्वतःच्या मेहनतीनं संस्कृत शिकले आणि ज्या ग्रंथांना हात लावायची बंदी होती ते वाचून त्यांची चिरफाड केली. लंडनला शिकत असताना १९२१ मध्ये त्यांनी जर्मनीतल्या बॉन विद्यापीठात शिकता यावं म्हणून जर्मन भाषेत पत्र लिहिलं. आणि आयुष्याच्या उत्तरार्धात, राज्यघटना, संसद, चळवळ, आजारपण एवढं सगळं अंगावर असताना ते पाली व्याकरण आणि पाली शब्दकोशावर काम करत होते. महाराष्ट्र शासनानं ते १९९८ मध्ये त्यांच्या लेखन-भाषणांच्या सोळाव्या खंडात छापलं. या खंडातल्या कोशात पाली शब्दांना मराठी, हिंदी, गुजराती आणि इंग्रजी प्रतिशब्द आहेत. कशासाठी केला असेल हा खटाटोप? त्यांना स्वतःला गुजराती अर्थाची गरज नव्हती. गुजरातेतल्या, विदर्भातल्या, उत्तरेतल्या साध्या माणसाला पाली शब्द त्याच्या भाषेत कळावा, हा त्यामागचा हेतू उघड आहे. आपल्या किती विहारांत हा सोळावा खंड आहे? असेल तर काचेच्या कपाटाबाहेर तो कितीदा आला?

तिसरी गोष्ट आक्षेप नाही, आपलाच एक वाईट नाद आहे. “पाली मराठीची आई आहे, जगातल्या सगळ्या भाषा पालीतून आल्या” असले संदेश आपण डोळे झाकून पुढं पाठवतो. भाषाशास्त्र तसं म्हणत नाही. मराठी महाराष्ट्री प्राकृतातून आली. पाली ही त्याच कुटुंबातली. तिला आई म्हणू नका, मावशी म्हणा. मावशी म्हटल्यानं नातं कमी होत नाही. पालीत ‘हत्थ’, मराठीत ‘हात’. ‘कण्ण’चा ‘कान’, ‘सत्त’चे ‘सात’, ‘अट्ठ’चे ‘आठ’, ‘कम्म’चं ‘काम’, ‘भत्त’चा ‘भात’, ‘अज्ज’चं ‘आज’. नियम बघा: जोडाक्षर सुटं झालं आणि त्याच्या आधीचा स्वर लांबला. वर्गात हे फळ्यावर लिहिलं की सातवीतली पोरं पुढचे शब्द स्वतः ओळखतात. त्या पोरांच्या चेहऱ्यावर जे येतं ते खऱ्या माहितीनं येतं. खोट्या अभिमानाची आपल्याला गरज नाही. तो दुसऱ्यांचा धंदा आहे.

सरकारी दर्जाबद्दलही एक सांगते. ३ ऑक्टोबर २०२४ ला केंद्रीय मंत्रिमंडळानं मराठीसोबत पाली आणि प्राकृतला अभिजात भाषेचा दर्जा दिला. आपण पेढे वाटले. पण त्याआधी २०१३ मध्ये केंद्रीय लोकसेवा आयोगाच्या मुख्य परीक्षेतल्या वैकल्पिक विषयांमधून पाली वगळली गेली होती. त्या वेळी आपल्यातले किती जण रस्त्यावर उतरले? दर्जाच्या कागदानं भाषा जगत नाही. तिला शिकणारा माणूस लागतो आणि शिकणाऱ्याच्या पाठीशी उभा राहणारा समाज लागतो.

“ताई, पण शिकायचं कुठून? पैसे नाहीत, वेळ नाही.” हा प्रश्न रास्त आहे. म्हणून मला उपयोगी पडलेली साधनं सांगते. यातलं बहुतेक फुकट आहे.

बाबासाहेबांचे इंग्रजी खंड परराष्ट्र मंत्रालयाच्या संकेतस्थळावरून मोबाईलवर उतरवून घेता येतात. सोळावा खंड तिथूनच सुरू करा. इगतपुरीच्या विपश्यना विशोधन विन्यासानं अख्खं तिपिटक देवनागरीत इंटरनेटवर ठेवलं आहे. मूळ शब्द तपासायला मी तेच उघडते. याच संस्थेनं लिली डी सिल्वा यांचं ‘पाली प्रायमर’ छापलं आहे. त्यात ३२ छोटे धडे आहेत. ते इंग्रजीत आहे, त्यामुळं एका दगडात दोन पक्षी. हिंदी जवळची वाटत असेल तर भदंत आनंद कौसल्यायन यांचा पाली-हिंदी कोश आहे. सुत्तसेंट्रल या संकेतस्थळावर मूळ पाली आणि इंग्रजी भाषांतर ओळीला ओळ लावून वाचता येतं. शिकागो विद्यापीठाच्या संकेतस्थळावर ऱ्हिस डेव्हिड्स आणि स्टीड यांचा पाली-इंग्रजी कोश आहे, मोल्सवर्थचा मराठी-इंग्रजी कोशही तिथंच आहे. एकाच बैठकीत पाली शब्द आणि त्याचा मराठी नातेवाईक शोधता येतो.

मराठीतून सुरुवात करायची तर धर्मानंद कोसंबी वाचा. गोव्याच्या खेड्यातला हा माणूस शाळा अर्धवट सोडलेला. बुद्धाच्या शोधात श्रीलंकेला गेला, तिथं पाली शिकला, पुढं पुण्याच्या फर्ग्युसन महाविद्यालयात पाली शिकवू लागला आणि अमेरिकेत हार्वर्डपर्यंत पोहोचला. जन्मानं ब्राह्मण होते, पण शिकलेलं कोंडून ठेवलं नाही. ‘भगवान बुद्ध’ मराठीत लिहिलं. त्यांच्या सगळ्या मतांशी आपण सहमत असायची गरज नाही. पण पदवी नसताना माणूस कुठवर शिकू शकतो याचं ते उदाहरण आहे.

रीतसर शिकायचं असेल तर पुणे, मुंबई आणि नागपूर विद्यापीठांत पालीचे विभाग आहेत.

आणि सगळ्यात मोठी शाळा डोंगरात आहे. कार्ले, भाजे, जुन्नर, कान्हेरी. तिथले लेख पालीत नाहीत, तिच्या जवळच्या प्राकृतात आहेत आणि लिपी ब्राह्मी. अशोकाचे लेख स्वतःला ‘धंमलिपि’ म्हणतात, म्हणून आपली पोरं या लिपीलाही धम्मलिपी म्हणतात. ती विसरली गेली होती. १८३७ मध्ये जेम्स प्रिन्सेपनं तिचं कोडं सोडवलं. मन लावलं तर पंधरा दिवसांत अक्षरओळख होते. आम्ही वस्तीतली वीस पोरं घेऊन कार्ल्याला गेलो. तिथल्या दानलेखांत राजे आहेत, तसा धेनुकाकट गावचा सुगंधी द्रव्यांचा व्यापारी आहे, सुतारही आहे. एका सुतारकाम करणाऱ्या बापाच्या पोरानं अक्षरं जुळवत जुळवत ‘दान’ हा शब्द वाचला. मागं वळून त्यानं विचारलं, “मॅडम, सुताराचं नाव दगडावर?” या प्रश्नाचं उत्तर देण्यासाठी मला व्याख्यान द्यावं लागलं नाही.

वेळेबद्दल म्हणाल, तर मी रोज अर्धा तास देते. शंभर पानी वही, रोज पाच शब्द: पाली, मराठी अर्थ आणि असला तर मराठी नातेवाईक. काही दिवस चुकतात. चुकले की दुसऱ्या दिवशी परत. जोतिराव आणि सावित्रीबाईंनी १८५५ मध्ये शेतकरी-मजुरांसाठी रात्रीची शाळा काढली होती. दिवसभर राबून आलेली ती माणसं शिकायला बसत होती. आपल्याकडं पंखा आहे, दिवा आहे आणि खिशात अख्खं तिपिटक आहे.

शेवटी विहार कमिट्यांना चार मागण्या करते. एक, वंदनेनंतर रोज एका शब्दाचा अर्थ सांगा आणि तो फळ्यावर लिहून ठेवा. दोन, लग्न-नामकरणाच्या विधीत पालीसोबत मराठी अर्थ म्हटलाच पाहिजे, असा ठराव करा. तीन, पुढच्या वेळी संगमरवरी फरशीची वर्गणी काढाल तेव्हा त्यातला दहावा हिस्सा पुस्तकांना द्या. चार, शिकवायला बाहेरच्या विद्वानाची वाट बघू नका. ज्याला दहा शब्द येतात त्यानं पाच येणाऱ्याला शिकवावं. माझ्या वर्गात मी शिक्षिका नाही, दोन पानं पुढं असलेली विद्यार्थिनी आहे.

हिवाळ्यात आम्ही थेरीगाथेतल्या पुण्णिकेची गोष्ट वाचली. ती दासीची लेक. मालकिणीच्या मारापायी कडाक्याच्या थंडीत पाण्यासाठी नदीवर जाणारी. पाप धुवायला कुडकुडत पाण्यात उतरलेल्या ब्राह्मणाला ती विचारते की, अंघोळीनं मुक्ती मिळते, तर मग बेडूक आणि कासवं कधीच स्वर्गात गेली असतील ना? बायका पोट धरून हसल्या. आजी मात्र हसता हसता डोळे पुसत होती. म्हणाली, “एवढी वर्षं ही आपल्याच पुस्तकात बसून होती, आन आपल्याला कुणी वळख करून दिली नाही.”

आता दर रविवारी वंदना संपली की आजीच पोरांना विचारते, “वेरमणी म्हणजे काय रं?” पोरं ओरडतात, “थांबणं!” “आन सिक्खापद?” “शिकायची पायरी!”

‘शिका, संघटित व्हा, संघर्ष करा’ या तीन शब्दांचा क्रम काय, यावर आपण तासन्‌तास वाद घालतो. पण कुठल्याही क्रमात पहिला शब्द एकच आहे. तो आपण रोज पाच वेळा म्हणतो. आता तो कळून म्हणूया.

जय भीम. नमो बुद्धाय.